जावा बघायचा तर दिवसाच्या गाडीने : वाचकांचे प्रश्न

इंडोनेशियाचं तिकीट काढलेल्या वाचकांकडून रेल्वेचे प्रश्न बरेच दिवस येतायत. बालीबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, पण जावा बेटावरून ट्रेनने कसं फिरायचं हे सांगणारं फारसं कोणी भेटत नाही, म्हणून यावेळचं पान पूर्ण त्यालाच दिलंय.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं नुकतेच रिटायर झालो. जकार्ता, योग्यकर्ता आणि मग बाली असा बेत आहे. टूरवाले म्हणतात जकार्ताहून योग्यकर्ताला विमानाने जा. मुलगा म्हणतो तिथे बुलेट ट्रेन आहे, तिने जा. आम्हाला घाईच नाहीये, डोंगर आणि भातशेती बघत जायचंय. काय करावं? (ठाण्याहून एक वाचक)

काका, घाई नाहीये म्हणालात तिथेच अर्धं काम झालं. विमान नको, आणि डोंगर बघायचे असतील तर बुलेट ट्रेनसुद्धा नको. त्या बुलेट ट्रेनचं नाव वूश, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, ताशी ३५० किलोमीटरने पळते, पण ती योग्यकर्तापर्यंत जातच नाही. जकार्ताच्या हालिम स्टेशनपासून बांडुंगच्या पलीकडे तेगलुआरपर्यंत १४२ किलोमीटर, बस एवढीच. वेगाची हौस असेल तर जरूर बसा, गाडी उत्तमच आहे, पण त्या वेगात बाहेरचं काही नजरेत ठरत नाही.

तुम्ही जकार्ताच्या गांबिर स्टेशनवरून बांडुंगला जाणारी साधी गाडी घ्या, तिचं नाव पराह्यांगन (आधी अर्गो पराह्यांगन म्हणायचे, जुन्या माहितीत तेच नाव सापडेल). पावणेतीन-तीन तास लागतात. पहिला तास शहर आणि कारखाने, त्यात काही नाही, डुलकी काढा हवं तर, पण पुर्वाकार्ता गेलं की जागे व्हा कारण तिथून पाडालारांगपर्यंत गाडी डोंगर चढते आणि एकामागून एक उंच लोखंडी पूल लागतात. त्यातला चिकुबांगचा पूल साधारण ३०० मीटर लांब आणि ८० मीटर उंच आहे, डच काळातला, खाली दरीत भाताच्या पायऱ्या आणि मध्येच चार-पाच लाल कौलांची घरं. जवळच सासाकसात नावाचा बोगदा लागतो, ९४९ मीटरचा. हा मार्ग १९०६ मध्ये सुरू झाला तेव्हापासून गाड्या याच वाटेने जातायत.

बांडुंगला एक रात्र राहा. हवा थंड आहे, दोघांनाही आवडेल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून योग्यकर्ता. अर्गो विलिस किंवा सकाळची लोडाया, दोन्ही चालतील, सहा-सात तासांचा प्रवास आहे. माझ्या मते अख्ख्या जावातला सगळ्यात सुंदर रेल्वेमार्ग हाच. बांडुंग सोडल्यावर गाडी नाग्रेगला चढते, ८४८ मीटर उंचीवरचं हे स्टेशन, इंडोनेशियातल्या चालू स्टेशनांमध्ये सगळ्यात उंच, म्हणजे आपल्या लोणावळ्यापेक्षाही वर. तिथून खाली उतरताना रूळ डोंगराच्या कडेकडेने इतकी वळणं घेतात की आपल्याच गाडीचं इंजिन पुढे वळताना खिडकीतून दिसतं. दरीत भातशेती, मागे ज्वालामुखींची टोकं.

मग एक छोटं स्टेशन येतं, चिपुन्दय. मोठी एक्झिक्युटिव्ह गाडी असो की स्वस्तातली, प्रत्येक गाडी इथे थांबतेच, कारण दोन्ही बाजूंना उतार आहे आणि ब्रेक तपासल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. कर्जतहून घाट चढताना मागे बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावलेला आपण लहानपणापासून बघतो त्यामुळे आपल्याला यातलं गांभीर्य लगेच कळतं. स्टाफ डब्यांच्या बाजूने वाकून वाकून चाकांजवळ बघत जातो, डबा संपला की पुढचा, कुठे शंका आली तर पुन्हा मागे येऊन बघतो. पाय मोकळे करायला दारापाशी उभं राहायला हरकत नाही पण लांब जाऊ नका, काम झालं की गाडी लगेच सुटते.

तासिकमालयाच्या पुढे चियामिसजवळ चिराहोंगचा पूल आहे. वरून रेल्वे आणि पुलाच्या पोटातून रस्ता. गाडीतून तो खालचा रस्ता दिसत नाही पण आपण कशावरून चाललोय हे माहीत असलेलं बरं. बंजारनंतर सपाट मुलूख सुरू होतो, तेव्हा जेवून घ्या.

एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. वेबसाइटवर थेट 'जकार्ता ते योग्यकर्ता' शोधलंत तर ताक्साकासारख्या गाड्या पुढे येतात, त्या चिरेबोन-पुर्वोकर्तो मार्गे जातात आणि त्यातल्या बऱ्याच रात्रीच्या असतात. चांगल्या गाड्या आहेत, पण हे डोंगर त्या वाटेवर नाहीत. म्हणून तिकिटं दोन वेगवेगळी काढा, जकार्ता-बांडुंग आणि बांडुंग-योग्यकर्ता. टूरवाल्यांना हे सांगितलं तर ते जास्तीचे फाटे नको म्हणतील, तुम्ही आग्रह सोडू नका.

क्लास एक्झिक्युटिव्हच घ्या. दोन-दोन सीट, पाय पसरायला भरपूर जागा, सीट मागे कलते. एसी मात्र कडक असतो, काकूंसाठी शाल हाताशी ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

प्रश्न : तिकीट काढताना भारतीय कार्ड चालत नाहीये, तीनदा ट्राय केलं. आणि एकाच गाडीत एकाच क्लासचे चार वेगवेगळे रेट दिसतात ते काय आहे? (पुण्याहून एक वाचक)

रेल्वे कंपनीचं नाव केएआय आणि त्यांचं ॲप अॅक्सेस बाय केएआय. त्यात परदेशी कार्डांचा असा त्रास बऱ्याच जणांना होतो, तुमच्या कार्डात काही बिघाड नाही. ट्रॅव्हलोका किंवा टिकेट डॉट कॉमवरून काढा, थोडी फी लागते पण तिकीट तेच मिळतं आणि सीटही निवडता येते. बुकिंग साधारण दीड महिना आधी उघडतं, त्याच्या आधी शोधलंत तर गाडीच दिसत नाही आणि लोकांना वाटतं गाडी बंद झाली.

रेटचं म्हणाल तर तो सबक्लासचा प्रकार आहे. डबा तोच, सीट तशीच, जेवण-बिवण काही वेगळं नाही, फक्त स्वस्त कोटा आधी संपतो आणि मग वरचा रेट उरतो. म्हणजे स्वस्तातला दिसला की बिनधास्त घ्या.

नाव पासपोर्टवर आहे तस्संच टाका, आयडीच्या जागी पासपोर्ट नंबर. गेटवर दोन्ही जुळवून बघतात, आणि हे नुसतं नावापुरतं नाही, खरोखर बघतात. मोठ्या स्टेशनांवर आता चेहरा स्कॅन करून आत सोडणारी गेट आहेत पण ती तिथल्या नागरिकांच्या ओळखपत्राला जोडलेली आहेत, आपण बाजूच्या माणूस उभा असलेल्या लाइनमध्ये जायचं, मोबाइलवरचा बोर्डिंग पास आणि पासपोर्ट दाखवायचा. स्टेशनच्या खिडकीवर तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका, तिथे गाडी सुटायच्या आधीच्या काही तासांतलंच तिकीट देतात आणि चांगल्या गाड्या तोवर भरलेल्या असतात.

वेटिंग, आरएसी, जनरल डबा, उभ्याने प्रवास, यातलं काहीही लांबच्या गाड्यांना नाही. सीट असेल तरच तिकीट. आणि गाड्या वेळेवर सुटतात, अर्धा तास आधी पोचा.

प्रश्न : ताई मी सिंगापूरला जॉब करतो, मित्राबरोबर लाँग वीकेंडला जावाला जायचंय, बजेट अगदी टाइट आहे. इकॉनॉमी क्लास झेपेल का? (मूळचा कोल्हापूरचा वाचक)

झेपेल रे, का नाही झेपणार. आपल्या जनरल डब्यासारखं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाक. एसी आहे, चार्जिंगचा प्लग आहे, सीट नंबर पक्का, डबा स्वच्छ आणि २०१२ पासून गाडीत सिगरेट पूर्ण बंद, ओढताना सापडलास तर पुढच्या स्टेशनला खाली उतरवतात.

पण इकॉनॉमीत दोन तऱ्हा आहेत. जुन्या डब्यात एका बाजूला तीन आणि एका बाजूला दोन अशा समोरासमोर सीट, पाठ एकदम ताठ, समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागतो. नवीन डब्यात दोन-दोन सीट आणि बऱ्यापैकी आराम. रेटमध्ये फरक आहे. तुम्ही दोघं तरुण आहात, जुन्या डब्यातही जा, समोर बसलेलं कुटुंब दहा मिनिटांत बोलायला लागतं, भाषा येत नसली तरी मोबाइलवर ट्रान्सलेट करत करत, आणि हातात काहीतरी खायला ठेवल्याशिवाय राहत नाहीत.

तुला सरायू नावाची गाडी सांगते. जकार्ताच्या पासार सनेन स्टेशनवरून निघते आणि बांडुंग मार्गे पुर्वोकर्तोला जाते, म्हणजे वर काकांना सांगितलेले पूल, नाग्रेग, चिपुन्दय सगळं एकाच गाडीत, आणि सरकारी सबसिडीमुळे भाडं एक लाख रुपियांच्या आत. एक लाख ऐकून घाबरू नकोस, आपल्या एका रुपयाला साधारण १८०-१९० रुपिया येतात त्यामुळे हिशोब पाचशेच्या आसपासच बसतो. सकाळचीच गाडी घे, दुसरी घेतलीस तर बघायचं सगळं अंधारात जाईल. वेळ भरपूर लागतो, दिवस जवळजवळ गाडीतच जातो, ते मान्य असेल तरच जा. पुर्वोकर्तोहून योग्यकर्ताला पुढच्या गाड्या खूप आहेत.

स्टेशनं मात्र नीट बघ. जकार्तात महागड्या गाड्या जास्त करून गांबिरवरून आणि स्वस्तातल्या पासार सनेनवरून सुटतात, योग्यकर्तात तसंच तुगु आणि लेम्पुयांगान. चुकीच्या स्टेशनवर जाऊन गाडी हुकवणारे पुष्कळ असतात.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. गाडीत काय मिळेल? (सांगलीहून एक वाचक)

खरं सांगायचं तर गाडीत फार कमी. डायनिंग कार असते, ट्रॉली घेऊन मुलंमुली डब्यात फिरतात, नासी गोरेंग म्हणजे फोडणीच्या भातासारखा भात, मीटबॉलचं सूप, कप नूडल्स, कॉफी, पण भातात चिकन किंवा अंडं असतंच. ट्रॉलीतले डबे आधीच भरलेले असतात, त्यामुळे 'चिकन काढून द्या' याला अर्थ नाही. बाहेरचे फेरीवाले लांबच्या गाड्यांत चढू देत नाहीत त्यामुळे आपल्यासारखं स्टेशनागणिक भजी-वडे असं काही होत नाही.

म्हणून चढायच्या आधी घ्या. शाकाहाऱ्यांसाठी जावासारखी जागा शोधून सापडणार नाही कारण टेंपे आणि टोफू हे तिथलं रोजचं जेवण आहे, गरिबातल्या गरीब खानावळीतही तळलेलं टेंपे असतं. पेचेल घ्या, उकडलेल्या भाज्यांवर दाण्याची तिखट चटणी, आपल्या जिभेला पहिल्या घासातच पटते. केळ्याची भजी सगळीकडे. योग्यकर्ताच्या बाजूला सलाक नावाचं फळ मिळतं, सापाच्या कातडीसारखं साल, आत लसणाच्या पाकळ्यांसारखे गर, गाडीत खायला एकदम सोयीचं.

फसवणाऱ्या गोष्टी दोन-तीन. सांबाल चटणीत आणि बऱ्याचदा दाण्याच्या सॉसमध्येही तेरासी असते, ती कोळंबीची आंबवलेली पेस्ट. सोबत देतात तो पापड बहुतेकदा कोळंबीचा. आणि योग्यकर्ताचं गुदेग, कच्च्या फणसाची नारळाच्या दुधात आणि ताडगुळात तासन् तास शिजवलेली भाजी, कोकणातल्या माणसाला तर ती खाल्ल्याशिवाय परत येणं शक्य नाही, पण तिच्यासोबत क्रेचेक वाढतात, ते गुराच्या कातडीचं असतं. 'तान्पा क्रेचेक, तान्पा आयाम, तान्पा तेरासी' असं आधीच सांगा, म्हणजे क्रेचेक नको, चिकन नको, तेरासी नको. समजून घेतात, वैतागत नाहीत. जैन असाल तर मात्र घरून दशम्या आणि कोरडी चटणी न्याच.

प्रश्न : पॅनोरामिक डब्याचे व्हिडिओ बघितले, जास्तीचे पैसे द्यावेत का? (बडोद्याहून एक मराठी वाचक)

डेक्कन एक्सप्रेसचा विस्टाडोम बघितला असेल तर अंदाज येईल, मोठ्या काचा आणि काचेचं छत. हे डबे डिसेंबर २०२२ पासून आले आणि अर्गो विलिस, पराह्यांगनसारख्या काही गाड्यांना लागतात. भाडं एक्झिक्युटिव्हपेक्षा बरंच जास्त. जकार्ता-बांडुंग या छोट्या टप्प्यावर एकदा हौस म्हणून घ्या, पैसे वाया गेले असं वाटणार नाही. बांडुंग-योग्यकर्तासाठी मी साधी एक्झिक्युटिव्ह खिडकीच घेईन, कारण अर्धा वेळ सपाट प्रदेश आहे आणि दुपारी ऊन डोक्यावर आलं की छताचा पडदा ओढूनच घ्यावा लागतो. साध्या डब्याच्या खिडक्याही मोठ्या असतात. फक्त सीट निवडताना दोन खिडक्यांच्या मधला खांब वाट्याला येतो का याकडे नकाशात लक्ष ठेवा.

प्रश्न : ट्रेनने थेट बालीला जाता येतं का? (नागपूरहून एक वाचक)

बालीत रेल्वेच नाही. पण जावाच्या पूर्व टोकापर्यंत जाता येतं आणि पुढे बोट, आणि ज्यांच्याकडे एक दिवस हाताशी आहे त्यांनी हे करावंच असं मला मनापासून वाटतं. सुराबायाच्या गुबेंग स्टेशनवरून प्रोबोवांगी गाडी घ्या, शेवटचं स्टेशन केतापांग, सहा-सात तास. जुन्या पुस्तकांत या स्टेशनचं नाव बान्युवांगी बारू असं सापडेल, २०१९ च्या शेवटी बदललं. वाटेत प्रोबोलिंगो, ब्रोमो ज्वालामुखीला जाणारे इथे उतरतात. त्यापुढे क्लाकाच्या आसपास आभाळ मोकळं असेल तर उजवीकडे सेमेरू दिसतो, जावातला सगळ्यात उंच डोंगर. जेंबर सोडलं की पुन्हा घाट लागतो, कॉफीचे मळे, गर्द झाडी आणि म्रावानचा जवळजवळ ६९० मीटरचा बोगदा, मग डावीकडे रौंग ज्वालामुखीचा पसारा. योग्यकर्ताहून सरळ यायचं तर लेम्पुयांगानवरून श्री तांजुंग आहे, स्वस्त आहे पण ताठ सीटवर तेरा-चौदा तास काढायला पाठ तशी पाहिजे.

केतापांगला उतरलात की बंदर चालत जाण्याइतकं जवळ आहे. बोटी दिवसरात्र चालतात, पाऊण-एक तासात गिलिमानुक, म्हणजे बाली. घड्याळ एक तास पुढे करा, बालीची वेळ वेगळी आहे. तिथून देनपसारला बसने तीन-चार तास, म्हणून संध्याकाळी उशिरा पोचणार असाल तर सरळ बान्युवांगीतच मुक्काम करा, पहाटे इजेनचा ज्वालामुखीही बघून होतो.

प्रश्न : रेल्वेची आवड आहे, जुनी इंजिनं कुठे बघायला मिळतील? (मिरजेहून एक वाचक)

मिरजेचा माणूस हे विचारणारच. जावातली पहिली रेल्वे १८६७ मध्ये सेमारांगजवळ सुरू झाली, तांगुंगपर्यंत, आपल्या बोरीबंदर-ठाण्यानंतर चौदा वर्षांनी. तो पहिला रूळ १४३५ मिलिमीटरचा होता, आता वूशसारखे नवे मार्ग सोडले तर जावाभर १०६७ चा आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ताबा घेतला आणि रुंद रूळ उखडून अरुंद केले.

सेमारांगला जा. ती पहिली रेल्वे बांधणाऱ्या डच कंपनीचं मुख्यालय म्हणजे लावांग सेवू, १९०७ ची प्रचंड इमारत, आत आता रेल्वेचंच प्रदर्शन आहे. तिथून रस्त्याने तासा-दीड तासावर अंबारावा, जुन्या स्टेशनातच रेल्वे म्युझियम केलंय, वाफेच्या इंजिनांची रांगच्या रांग. अंबारावाहून बेदोनोकडे जाणाऱ्या चढावर दोन रुळांच्या मधोमध दात्यांचा तिसरा रूळ आहे, इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकवून वर चढायचं, उटीच्या गाडीसारखं. वाफेची गाडी त्यावर ग्रुपने आधी ठरवून पैसे भरले तरच चालवतात, पण सुट्टीच्या दिवशी अंबारावा-तुंतांग अशी रावा पेनिंग तळ्याच्या काठाने जाणारी छोटी गाडी साध्या तिकिटावर मिळते. जकार्ताहून सेमारांगला दिवसाच्या गाडीने येत असाल तर डावीकडची खिडकी घ्या, पेकालोंगान सोडल्यावर प्लाबुआनजवळ गाडी अगदी समुद्राला लागून जाते.

प्रश्न : कुठल्या महिन्यात जावं? सामान किती चालतं? (डोंबिवलीहून एक वाचक)

एप्रिल शेवट ते जून. पाऊस ओसरलेला असतो आणि शेतं अजून हिरवी असतात. नोव्हेंबर ते मार्च पाऊस जोरात, दुपारनंतर डोंगर ढगात जातात, तरी गेलातच तर सकाळच्याच गाड्या घ्या.

रमजान ईदच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा कटाक्षाने टाळा. अख्खं जकार्ता गावी जातं, तिकिटं बुकिंग उघडल्या उघडल्या संपतात. ईदची तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते ती आधी बघा. बालीला जोडून जाणार असाल तर न्येपीही बघा, तिथलं नवीन वर्ष. त्यांचाही शकच चालतो, त्यामुळे बहुतेक वर्षी ते आपल्या पाडव्याच्या आसपास येतं. त्या दिवशी बालीचा विमानतळ, रस्ते, गिलिमानुकच्या बोटी सगळं चोवीस तास बंद असतं, हॉटेलच्या बाहेरही पडता येत नाही.

सामान माणशी २० किलोपर्यंत फुकट, त्यापुढे पैसे भरावे लागतात. बॅग वरच्या रॅकवर मावायला हवी, ७० सेंटिमीटरपेक्षा लांब सुटकेस नेऊ नका. तीन वर्षांखालच्या मुलांना वेगळी सीट नको असेल तर भाडं नाही, पण बुकिंग करताना त्यांचंही नाव टाकावंच लागतं.